तळ्यावरची झोप

आमच्या एमआयडीसीला सुट्टी शुक्रवारी. बायको उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात धागे कापते, तिची सुट्टी रविवारी. मुलीची शाळा आणि नंतरचं कॉलेज, दोन्ही रविवारीच बंद. मुलगी अठरा वर्षांची झाली तरी आम्ही तिघं मिळून कुठे फिरायला गेलोय असं जवळजवळ झालंच नाही. लग्नकार्याला जायचो, तेही मी जेवणाआधीच पळायचो.

मुलगी चौथीत असताना मी तिला सांगून बसलो होतो, तुला पोहायला शिकवीन. मी साताऱ्याकडचा, विहिरीत उड्या मारत वाढलेला. इथे अंबरनाथला विहीर कुठून आणू? नाल्याच्या पाण्यात तर बोट घालायची हिंमत होत नाही. कंपनीतला एकजण बदलापूरच्या पलीकडच्या गावचा. तो म्हणायचा, आमच्या वाडीच्या वर डोंगरात तळं आहे, बारा महिने पाणी, माणूस फिरकत नाही. मी घरी येऊन सांगायचो, पुढच्या शुक्रवारी जाऊ, शाळेला एक दिवस बुट्टी मार. मुलगी आधी कॅलेंडरवर खूण करायची. नंतर नुसती मान डोलवायला लागली. मग तिने विषयच सोडला.

यंदा तिला नाशिकला नर्सिंगला प्रवेश मिळाला. रविवारी निघायचं होतं, म्हणजे हातात एकच शुक्रवार उरला. या वेळी विषय मीच काढला. बायकोला रजा मिळाली नाही, म्हणून आम्ही दोघंच जायचं ठरलं.

थर्ड शिफ्ट, म्हणजे रात्रपाळी, सकाळी सातला सुटते. त्या दिवशी नेमका माझ्या जागी येणारा उशिरा आला आणि मी साडेनऊला बाहेर पडलो. मुलगी डब्याची पिशवी घेऊन गेटसमोर उभीच होती. बदलापूरपर्यंत रिक्षा, पुढे गावापर्यंत टमटम. टमटममध्ये माझं डोकं शेजाऱ्याच्या खांद्यावर पडत होतं, त्याने बिचाऱ्याने दोनदा ते सरळ केलं. मग अर्ध्या तासाची चढण. मुलगी पुढे जाऊन थांबायची, मी पोचलो की परत चालायला लागायची.

तळं खरंच छान होतं. पावसाळा नुकताच संपलेला, पाणी काठोकाठ. तीन बाजूंनी डोंगर, एका बाजूला जांभळीची झाडं. लांब एक म्हातारी म्हशी सोडून बसली होती, बाकी कोणी नाही. नाकात काही झोंबत नव्हतं, आमच्याकडच्या माणसाला आधी तेच जाणवतं. मुलीने सँडल काढले आणि माझ्याकडे बघितलं.

"दहा मिनिटं पाठ टेकतो," मी म्हणालो, "मग उतरू. तोवर काठालाच थांब."

जाग आली तेव्हा चार वाजले होते. ऊन झाडाच्या दुसऱ्या बाजूला गेलं होतं. मुलगी शेजारी बसून ओढणीने माझ्या तोंडावरच्या माश्या हाकलत होती. तिचे केस ओले, कपडेही ओले. मला स्वतःचाच राग आला आणि तो तिच्यावर निघाला.

"उठवायचं नाही का गं?"

"गाढ झोपला होतात."

"पाण्यात खेळून आलीस वाटतं."

"हो, थोडंसं."

तेवढ्यात ती म्हातारी काठी टेकत आमच्याकडे आली. "झाली का रं निज?" ती मला म्हणाली. "पोर बुडाली असती तुजी. शेवाळावरनं पाय सरला तिचा. गळ्यापत्तुर पानी, नुसती हात मारत व्हती. मी काठी धरली तवा निघाली." मग मुलीकडे वळली. "आन् तू गं, मुकी हायेस? बाप हितं धा पावलांवर, येक हाक नाय मारलीस?"

मुलगी खाली बघत म्हणाली, "बाबा थर्ड करून आलेत."

म्हातारीला ते काय कळणार? मला कळलं. मुलगी रांगत होती तेव्हापासून आमच्या घरात दिवसा आवाज होत नाही. बाबा झोपलेत. कुकर मी उठल्यावर लागतो, बेलची वायर काढून ठेवलेली, टीव्ही मुका. लहानपणी पडली, खरचटलं, तर ती शेजारच्या काकूंच्या घरी जाऊन रडायची आणि डोळे पुसून परत यायची. मी कंपनीत कौतुकाने सांगायचो, माझी पोरगी फार शहाणी, घरात आहे की नाही तेही कळत नाही.

मी तिचा हात धरला तर तो थंडगार होता. इतकी भीती मला कंपनीत रसायनाच्या रिअॅक्टरजवळ गळती झाली तेव्हाही वाटली नव्हती. लाज तर त्याहून जास्त वाटली. मी म्हटलं, चल, आता उतरू, मी आहे. ती म्हणाली, "राहू द्या बाबा, पाचची टमटम चुकेल." डबा तसाच होता. तिनेही खाल्लं नव्हतं.

उतरताना मी तिला दोन-तीनदा बजावलं. तिकडे काहीही झालं तरी फोन करायचा, मी झोपलेला असलो तरी करायचा. ती दर वेळी हो म्हणाली.

तिला जाऊन आता दोन महिने होतील. फोन रोज येतो. फर्स्ट शिफ्ट असली की संध्याकाळी, थर्ड असली की मी कामाला निघायच्या आधी. एकदाही चुकीच्या वेळी आला नाही. मागच्या आठवड्यात तिला सलग तीन दिवस ताप होता, सलाईन लावावं लागलं. मला ते काल कळलं. मला का नाही सांगितलं म्हणून बायकोवर ओरडलो.

ती म्हणाली, "पोरीनेच सांगितलं होतं. बाबांची थर्ड चालू आहे, त्यांना उठवू नकोस."