माळ्याभोवतीचं हिरवं भात

मुलांनो, तुमच्याकडे तांदूळ पिशवीतून येतो, म्हणून आधी सांगते. फुलण्यापूर्वी भाताचं रोप लोंबी पोटात धरतं आणि देठ फुगतो. त्याला आम्ही पोटरी म्हणतो. पोटरी नाही तर दाणा नाही.

मी लहान असताना एका गणपतीला काका मुंबईहून गॅसबत्ती घेऊन आमच्या गावी, कापड्याला आले. रानडुकरांना बुजवायला ती शेतातल्या माळ्यावर, म्हणजे राखणीच्या मचाणावर, टांगायचं ठरलं. पंप मारून ती कशी पेटवायची हे काकीला शिकवून काका परत गेले. काकीला मूल नव्हतं. रोज दिवेलागणीला ती बत्ती लावायला जाई, मी तिच्या मागोमाग. राखणीचा गडी माळ्यावर निजे आणि बत्ती रात्रभर जळे.

दसऱ्याला सगळं शेत पोटरीला आलं. माळ्याभोवतीचा गोल तुकडा मात्र नुसताच हिरवा. आजीने देठ चिमटीत दाबून पाहिले.

"पोटात कायच नाय."

शेजारची म्हातारी बांधावरून म्हणाली, "रोज कुणाचं पाऊल पडतं गो तिथं? उद्या सगळ्या शेतात पसरंल."

काकी म्हणाली, "माझ्या पावलाला एवढा गुण असता, तर डुकरंच नसती का पळाली, मावशी?"

कोणी हसलं नाही. आजीने मला हाताला धरून काकीपासून बाजूला ओढलं. त्यानंतर मी माझ्याच पावलांना भिऊ लागले. मीही रोज तिथेच चालत होते.

"भात पिकलं की आणू," असं सांगून काकीला माहेरी, पाचाडला धाडलं. निघताना तिने मला विचारलं, "बत्ती कोण लावील गो बाय?"

कोणालाच लावता येईना. गडी डबा बडवून डुकरं हाकू लागला.

पुढे, बाकीचं भात कापणीला आलं तेव्हा, त्या तुकड्याला पोटरी आली. "बघा," म्हातारी म्हणाली, "पाऊल हटलं नि पोटरी आली." मी माझी पावलं परकराखाली ओढून घेतली.

कॉलेजात गेल्यावर इंग्रजी पुस्तकात वाचलं. रात्र लांबली की आमच्या त्या गरव्या, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, भाताच्या पानांत एक संप्रेरक तयार होतं, ते शेंड्याशी पोचलं की रोप फुलोऱ्याला लागतं. रात्र केवढी हवी हे बियाण्याच्या जनुकांतच ठरलेलं असतं. बत्तीच्या उजेडात त्या तुकड्याला रात्र झालीच नव्हती.

तोवर आजी नव्हती. बत्तीच्या त्या वर्षीचं भात तेव्हाच झोडून कणगीत भरलं गेलं होतं. काकीला आणायला पाचाडला कोणी गेलं नव्हतं.