नमुन्यावर न भुलणारे आतोबा

चांगल्या वस्तूवर विश्वास न ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. वाईट वस्तूवर काय, कोणीच विश्वास ठेवत नाही. पण समोर उत्तम वस्तू आली की आतोबांच्या कपाळाला आठी पडायची. "ही चांगली आहे ते दिसतंच आहे," ते म्हणायचे, "हिच्या बहिणी कशा आहेत?" जळगावात मेहरूणच्या बाजूला त्यांचा ओतकामाचा कारखाना होता. भंगार लोखंड वितळवून तिथे उसाच्या चरकांचे आणि पंपांचे भाग ओतले जात. भट्टीला आतून आग सोसणाऱ्या विटांचं अस्तर लागे, आणि त्या विटा घेता घेता आतोबांचा सगळा स्वभावच तसा होऊन बसला होता.

भरताची वांगी घ्यायला गेले तरी ते वरच्या वांग्यांकडे ढुंकून पाहत नसत. हात थेट टोपलीच्या तळाशी. एकदा वैतागून बाजारातली अक्का म्हणाली, "नाना, तुमले वांगा लेवाना शेतस का टोपली?" आत्याच्या भाकरीचीही तीच गत. पहिली भाकरी टम्म फुगून ताटात आली तरी तोंडातून शब्द नाही, शेवटची खाऊन झाली की म्हणणार, "हं. जमल्यात." तोवर आत्या चूल सारवायला बसलेली असे. मुलीच्या लग्नाच्या वेळी तर त्यांनी कहर केला. मुलगा बघायच्या कार्यक्रमात त्याच्याशी चकार शब्द बोलले नाहीत, आणि मग न सांगता एकदा त्याच्या कचेरीत, एकदा खानावळीत आणि एकदा रेशनच्या रांगेत त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. "ठरवून भेटलेला मुलगा म्हणजे नमुना," हे त्यांचं स्पष्टीकरण. रांगेत कोणीतरी मध्ये घुसलं तरी मुलगा शांत राहिला, तेव्हा कुठे लग्न ठरलं.

अशा माणसाकडे धुळ्याचे एक शेठजी विटेचा नमुना घेऊन आले. विटांच्या व्यापारात नवे होते, माणूस मोठा गोड. वीट त्यांनी मलमलच्या फडक्यात गुंडाळून आणली होती. कडा धारदार, रंग एकसारखा, टिचकी मारली की खणखणीत आवाज. "नाना, असा माल खानदेशात नाही!" शेठजी म्हणाले. आतोबांनी फडक्याची तारीफ केली, विटेला हातही लावला नाही, आणि म्हणाले, "गोदाम कुठे आहे?"

गोदाम निघालं सोनगीरला, आग्रा रोडच्या कडेला. आतोबा मला बरोबर घेऊन एसटीने धुळे आणि तिथून सोनगीर असे धडकले. शेठजींनी खुर्ची मांडली, उसाचा रस मागवला. आतोबा धोतर खोचून विटांच्या ढिगावर चढले. एक वीट दारातली, एक मधली आणि एक पार मागच्या भिंतीलगतची तळातून काढायला लावली. हमालांनी मनातल्या मनात जे काही म्हटलं ते त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येत होतं. मग तिन्ही विटा घेऊन आतोबा समोरच्या चहावाल्याकडे गेले आणि त्याच्या दगडी कोळशाच्या भट्टीत सरळ खुपसल्या.

"ओ नाना, हाई चहानी भट्टी शे!" चहावाला ओरडला.

"म्हणूनच. तुझी चांगली तापते," आतोबा म्हणाले. चहावाला जरा विरघळला.

चहा थांबला तसे ट्रकवाले गोळा झाले. विटा लालबुंद झाल्यावर आतोबांनी चिमट्याने एकेक बाहेर काढून तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं. पहिली फुसफुसली आणि गप्प बसली. दुसरीही तशीच. शेठजींनी पगडी सारखी केली. तिसरीवर पाणी पडताच फाडकन आवाज झाला, विटेचे तुकडे उडाले आणि त्यातला एक थेट दुधाच्या पातेल्यात. ट्रकवाल्यांनी टाळ्या पिटल्या.

शेठजींचा चेहरा उतरला. "नाना, देवाशपथ, मला ठाऊक नव्हतं. मागचा माल दुसऱ्या कारखान्याचा आहे. दिसायला सारखा, म्हणून एकत्र लावला."

मला वाटलं, आता आतोबा कडाडणार. पण ते अगदी हळू बोलले. "शेठ, सगळ्या विटा कच्च्या असत्या तरी मला चाललं असतं. भट्टी लवकर थांबवली असती, अस्तर बदललं असतं. थोड्या पक्क्या आणि थोड्या कच्च्या, त्यातली कच्ची कोणती ते माहीत नाही, त्याची मला भीती वाटते." शेठजी स्वतः ढिगापाशी गेले आणि उन्हात उभं राहून त्यांनी दोन्ही माल वेगळे करून घेतले. आतोबांनी पहिल्या कारखान्याच्या विटा घेतल्या. नासलेल्या दुधाची भरपाई शेठजींनी केली.

परतीच्या एसटीत मी हसत हसत विचारलं, "आतोबा, एका विटेसाठी एवढं?"

ते खिडकीबाहेर बघत होते. "आपला दगडू," ते म्हणाले. दगडू त्यांचा जुना साचेवाला, कुबडी घेऊन चालायचा. मी समजत होतो त्याचा पाय जन्मतःच तसा असेल. "भट्टी फुटली तेव्हा तो समोर होता. गाडीभर विटा चांगल्या होत्या रे, एकच नव्हती. मी नमुना पाहून घेतल्या होत्या."

नवं अस्तर लागल्यावर पहिल्यांदा भट्टी पेटली त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. आतोबांनी सगळ्यांना लांब उभं केलं आणि स्वतः सगळ्यांत जवळ राहिले. लोखंड पिवळंधमक होऊन आलं, साच्यांत उतरलं, निवू लागलं. काहीही झालं नाही. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवणार तरी कशासाठी? आतोबांनी तोंड धुतलं आणि बाहेर जाऊन कुंपणाच्या भिंतीवर दगडूशेजारी बसले. दोघे एका बशीतून आळीपाळीने चहा पीत मेहरूणच्या तलावाकडे बघत होते. मला निरोप घ्यायचा होता, पण त्यांच्याजवळ जावंसं वाटेना. सायकल हातात धरून मी तसाच चालत घरी आलो.