पत्र्याच्या आवाजाचा कम्प्युटर

आत्याला दिसत नाही, हे घरचे अधूनमधून विसरतात. दोष तिचाच आहे. बेल वाजायच्या आत ती कोण आलंय ते सांगते. पुतण्याचं तुटलेलं बटण लावून देते. आणि भांडताना अशी मान वर करते की समोरचा माणूस नजर चुकवतो.

जन्मापासूनच दिसत नव्हतं. एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर तिनं नोकरीची सगळी वर्षं काढली. डॉक्टरांच्या नुसत्या ‘हॅलो’वरून ती ओळखायची, हा झोपेतून उठलाय की तोंडात घास आहे. निरोपाच्या समारंभात मोठ्या साहेबांनी तिच्याबद्दल भरभरून भाषण केलं. घरी येताना ती दादाला म्हणाली, "घसा बसला होता बिचाऱ्यांचा. त्यामुळे लवकर आटपलं."

निवृत्त झाल्यावर तिनं एकच गोष्ट ठरवली होती. वाचायचं. ब्रेल लायब्ररीतल्या कादंबऱ्या तिनं दोन-दोनदा वाचून संपवल्या. मग वहिनी वाचून दाखवू लागली. वहिनी मन लावून वाचायची. फक्त तिचं स्वतःचं एक मत असायचं.

"इथे दोन पानं नुसता डोंगरच आहे," असं म्हणून ती पानं उलटायची.

एकदा तर ती वाचता वाचता घुटमळली, खाकरली आणि म्हणाली, "मग ते दोघं खोलीत गेले. सकाळ झाली."

"आणि मधली रात्र कुठे गेली?"

"संपली," वहिनी म्हणाली.

आत्या पोट धरून हसली. पण दुसऱ्या दिवशी चहाला सगळे बसले असताना तिनं जाहीर केलं, "मला कम्प्युटर घ्यायचाय. बोलणारा."

वहिनीचा चेहरा उतरला असावा. कारण आत्या लगेच तिच्याकडे वळली.

"माझं वाचणं आवडत नाही का, ताई?" वहिनीनं विचारलं.

"आवडतं गं. पण तू वाचतेस तेव्हा पुस्तक तूच वाचतेस. मी नाही."

मग सगळे एकदम बोलू लागले.

दादा हिशेबनीस. ऑफिसात जन्म गेला तो एकाच पद्धतीच्या कम्प्युटरवर. तो खिडकीचं चिन्ह असलेल्या कम्प्युटरांच्या पक्षाचा. "सगळं जग हेच वापरतं. अडलं तर कोणीही सांगेल." पुतण्या कार्टूनपट बनवणाऱ्या कंपनीत. तो सफरचंदाच्या पक्षाचा. "बाबा, कोणीही सांगेल म्हणजे रोज कुणाला तरी विचारायचं!" वरच्या मजल्यावरची मुलगी साहित्यात एमए होती. आत्या तिला ‘एमए’ अशीच हाक मारायची. तिच्या जुन्या लॅपटॉपवर फुकट मिळणारी पेंग्विनवाली प्रणाली होती. "पैसे नव्हते म्हणून घेतली," ती म्हणायची. पण आता तिच्याशिवाय चैन पडत नाही, हे मात्र सांगायची नाही.

बापलेकांची जुंपली. जेवताना, दात घासताना, जिन्यात. पुतण्या एका संध्याकाळी मोबाइल घेऊन आत्याजवळ आला. "हा स्क्रीन बघ, आत्या. रंग काय सुरेख आहेत!"

"आमच्याकडे याच्यापेक्षा मोठा मिळेल," दादा पलीकडून ओरडला.

"कुणाला?" आत्यानं विचारलं.

दादा चष्मा पुसू लागला. आत्याला हसू आवरेना. "भांडा, भांडा. मला तेवढाच रेडिओ."

शेवटी तिनंच तोडगा काढला. रविवारी तिन्ही यंत्रं जेवणाच्या टेबलावर मांडायची. एकाच कादंबरीचं एकच पान तिघांनी वाचायचं. बाकी कोणी तोंड उघडायचं नाही.

दादानं निवडलेला आवाज भारदस्त होता. पान त्यानं बातम्यांसारखं वाचलं. दादा समाधानानं मागे टेकला.

पुतण्याच्या यंत्रातून एक बाई बोलू लागली. काय गळा! मध्येच श्वास घेतल्यासारखी थांबायची. म्हातारा नवरा होडीत बसतो त्या वाक्याला तिचा सूर असा हलला की वहिनीनं डोळ्यांना पदर लावला. "हीच घ्या, ताई. ही तर माझ्यापेक्षा छान वाचते."

एमएनं घाबरतच आपला लॅपटॉप उघडला. आवाज आला तो पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवल्यासारखा. ना चढ, ना उतार. पुतण्यानं कानांवर हात ठेवले.

"फुकटातला आवाज आहे, आत्या," एमए पुटपुटली. "सॉरी."

आत्या मात्र पुढे सरकली होती. "याला पळव."

एमएनं वेग वाढवला.

"आणखी. अगं, आणखी!"

आता डब्यात माश्या घोंगावत होत्या. कुणाला एक अक्षर कळेना. दादानं वहिनीकडे पाहिलं, वहिनीनं छताकडे. आत्याची मान डुलत होती. आणि अचानक ती टेबलावर हात आपटून हसली.

"टोपी विसरलाय म्हातारा! बायको टोपी घेऊन काठानं धावतेय आणि हा नेमका उलट्या दिशेला वल्हं मारतोय!"

आवाज केव्हाच ठरलेल्या पानाच्या पुढे गेला होता. एमएनं त्या पुढच्या पानावर नजर टाकली. तसंच होतं. ती आ वासून आत्याकडे बघत राहिली.

"त्या गोड बाईला पळवून बघ ना," पुतण्यानं शेवटचा प्रयत्न केला. बाईलाही पळवलं. शब्द एकमेकांत मिसळले.

"पदर सावरत धावतेय तुझी गोड बाई," आत्या म्हणाली. "आणि खरं सांगू? फार छान वाचते, म्हणूनच नको. कुठे गहिवरायचं ते तीच ठरवून टाकते. हा पत्र्या काही ठरवत नाही. शब्द आणून टाकतो आणि बाजूला होतो. पुढचं माझं मी बघीन."

"आणि बिघडला तर?" दादा अजून हरला नव्हता. "मला त्या पेंग्विनमधलं ओ का ठो कळत नाही."

"तर हिला फोन करीन. फोन लावता येतो मला."

यावर दादासुद्धा हसला.

एमएनं तसंच एक यंत्र जुळवून दिलं. अख्खी सकाळ बसून आत्याची बोटं कळांवर फिरवली. आत्या एकदा चुकली, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा तिनंच एमएचा हात बाजूला सारला. त्यानंतर आत्याच्या खोलीचं दार दुपारी बंद राहू लागलं. आतून घोंगावणं यायचं. मध्येच खदखदून हसणं. वहिनी आधी दारात घोटाळायची. मग एक दिवस तिनंही स्वतःसाठी एक कादंबरी उघडली आणि मनात वाचू लागली. डोंगर आला की पानं उलटायला ती मोकळी होती.

परवा जेवायची वेळ झाली होती. ताटं वाढून झाली होती. आतलं घोंगावणं एकदम थांबलं. मग पत्र्या सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "तिनं दिवा विझवला आणि घर तिच्याएवढं झालं."

पुन्हा तेच. "तिनं दिवा विझवला आणि घर तिच्याएवढं झालं."

पुन्हा. आणि पुन्हा.

"अडकला," दादा कुजबुजला. "मी म्हटलं होतं."

"हँग झालाय," पुतण्या म्हणाला. बापलेकांचं कधी नव्हे ते एकमत झालं. वहिनीनं हलकेच दार लोटलं. आत्या खुर्चीत टेकून बसली होती. चेहरा वर, बोट कळीवर.

"बिघडला का हो, ताई? एमएला बोलावू?"

"छे गं. वाक्य चांगलं आहे," आत्या म्हणाली. "वाचणाऱ्या माणसाला सातव्यांदा ‘पुन्हा वाच’ म्हणता येत नाही."

"आणि जेवण?"

"वाढलंस ना? मग आलेच," असं म्हणून तिनं पुन्हा तीच कळ दाबली.