चौदा नंबरचा आवाज

आमच्या कंपनीत मशीन विकायला पाच माणसं होती. पाचही टायवाली, पाचही एका विमानातून उतरून दुसऱ्यात चढणारी. आणि विकलेलं मशीन सांभाळायला? एक. दुसऱ्या मजल्यावर जिन्याशेजारी टेबल, टेबलावर फोन, फोनशेजारी जाडजूड वही आणि वहीमागे काका. परदेशी सरकारांच्या सीमेवरच्या नाक्यांना आम्ही एक्स-रे मशीनं पुरवायचो. माणूस सीमा ओलांडतो तेव्हा त्याची पिशवी ज्याच्या पोटातून जाते ना, तेच.

काकांना सगळे कानसेन म्हणायचे. नाक्यावरून फोन आला की पलीकडच्याला सांगायचे, "फोन मशीनजवळ धरा," आणि डोळे मिटून ऐकायचे. मग म्हणायचे, "डावीकडचा रोलर घासतोय, तेल सोडा." दहा मिनिटांत नाका चालू! मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा मला ही शुद्ध बुवाबाजी वाटली आणि तसं मी तोंडावर बोललेही. माझी जीभ तेव्हाही अशीच होती. काका हसले. "अगं, बाळ रडलं की आईला कळतं ना, भूक लागलीय की पोट दुखतंय? तसंच हे. फक्त ही बाळं अर्ध्या टनाची."

वहीत प्रत्येक मशीनचं एक पान. "नऊ नंबर: पट्टा उजवीकडे सरकतो, स्वभाव आहे." "चौदा नंबर: सुरू होताना दोनदा ठसकतं, घाबरू नये." काकू ऑफिसात आल्या की म्हणायच्या, "घरात कुकरच्या चार शिट्ट्या होतात, ह्यांना पत्ता नसतो. परदेशातला स्क्रू मात्र बरोबर ऐकू येतो!" आम्ही खो-खो हसायचो. हसायला नको होतं.

चौदा नंबर होतं एका डोंगराळ खिंडीतल्या नाक्यावर. तिथं तेवढं एकच मशीन. ते बंद पडलं की प्रत्येक पिशवी हातानं उघडायची, आणि तोवर माणसं लेकराबाळांसकट थंडीत उभी. तिथला शिपाई सतरा वर्षं काकांना फोन करत होता. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. दोघांचं इंग्रजी माझ्या स्वयंपाकासारखं, पोट भरतं पण चवीचं विचारू नये. तरी कामाचं बोलून झालं की पाच मिनिटं कोणाची मुलगी कितवीत गेली, कोणाचे गुडघे दुखतात, हे चालायचंच.

एके दिवशी खाली कारखान्यात एक मशीन तपासायला लावलं होतं. या मशीनच्या आत एक्स-रे सोडणारी ट्यूब गार ठेवायला पंखा असतो. त्याचं बेअरिंग गेलं की तो बारीक किंचाळतो, आणि दुर्लक्ष केलं तर ट्यूबच जळते. नवी पोहोचायला महिना. तर तो पंखा असा किंचाळला, की सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. काका मात्र त्याच्या शेजारी उभे राहून निवांत चहा पीत होते.

मी त्यांना जिन्यात ओढलं. "काका, तुम्हाला ऐकू आलं नाही ना?"

"जाड आवाज येतात गं. बारीक गेले. सहा महिने झाले."

"आणि हे मला आत्ता सांगताय? कुठल्या नाक्यावर पंखा किंचाळला आणि तुम्ही 'सगळं ठीक' म्हणालात तर? महिनाभर रांगेतली माणसं कुडकुडणार, त्यांना काय तुमच्या घरी आणून बसवायचं?"

काका पायातल्या बुटांकडे बघत राहिले. "निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत," ते म्हणाले. "ते टेबल गेलं, तर मी कोण उरतो गं?"

दुसऱ्या दिवसापासून मी त्याच लाइनवरचा जोडफोन कानाला लावून बसायला लागले. पंखा किंचाळला की एक बोट वर करायचं, असं ठरलं. चौदाचा आवाज मात्र मला नेहमी घोगराच यायचा. डोंगरातली लाइन, दुसरं काय, असं मी धरून चालले.

मग मी दाढ काढायला तीन दिवस रजेवर गेले, आणि नेमकं तेव्हाच चौदाचं बेअरिंग गेलं. परत येऊन हे कळलं तशी मी आधी वही उघडली. पण पानावर लिहिलेलं होतं, "चौदा: पंख्याचं बेअरिंग. बदललं. चालू." कसं काय? बोलाफुलाला गाठ पडली असेल, म्हणून मी सोडून दिलं.

पुढच्या वर्षी चौदावाल्यांचा करार संपत आला. त्यांचे चार अधिकारी आले, आणि मशीन प्रत्यक्ष चालवणारा म्हणून तो शिपाईही आला. रुंद खांदे, पांढरी भरघोस मिशी. काकांनी त्याचे हात धरले, ते सोडीचनात. आमच्या साहेबांना मात्र भलताच उत्साह. त्यांनी मुद्दाम एका मशीनमध्ये बिघाड करून ठेवला होता. "आमचे कानसेन नुसतं ऐकून सांगतील!"

मी मागे, आणि पुढे चार ताडमाड अधिकारी. मशीन सुरू झालं. पंख्याची किंचाळी थेट माझ्या राहिलेल्या दाढांत गेली. मी बोट वर केलं, टाचा उंचावल्या, पण काकांना मी दिसणार कशी? काकांनी कान झाकणाला लावला, डोळे मिटले. अर्धं मिनिट गेलं. साहेबांचं हसू वाळायला लागलं. करार राहिला बाजूला, आता काकांचं हसं होणार!

तेवढ्यात शिपाई पुढे झाला, मशीनवर वाकला आणि आपल्या जाड्याभरड्या आवाजात म्हणाला, "घुंईऽऽ, घुंईऽऽ."

अधिकारी हसले, त्यांना ती गंमत वाटली. काकांनी डोळे उघडले. "पंख्याचं बेअरिंग," ते म्हणाले.

टाळ्या पडल्या, सह्या झाल्या. मी शिपायाला जिन्यात गाठलं. जोडफोनवरचा तो घोगरा आवाज लाइनचा नव्हताच, या बाबाचा होता!

"एकदा पंखा ओरडत होता आणि तुमचा काका म्हणाला, सगळं ठीक," शिपाई तुटक-तुटक सांगू लागला. "माझ्या वडिलांचेही कान असेच गेले होते. तेव्हापासून तो आवाज मी तोंडानं करतो."

"मग तक्रार का नाही केलीत?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ठार वेडी. "सतरा वर्षं त्यानं माझी रांग थांबू दिली नाही. कोणाची तक्रार करू?"

निवृत्तीच्या दिवशी मी काकांना हळूच विचारलं, "तुम्हाला कळलं होतं?"

"न कळायला काय झालं? मशीन काय मिशीतून बोलतं?" काका डोळे मिचकावत म्हणाले. "पण त्याला वाटायचं, मला कळलेलं नाही. इतक्या मायेनं करायचा गं. कशाला त्याचा विरस करायचा?"

काकांना देवाघरी जाऊन आता चार वर्षं झाली. नवी मशीनं आपलं दुखणं आपणच पडद्यावर लिहून दाखवतात. टेबल माझ्याकडे आहे आणि वहीही. चौदा अजून जुनंच आहे, आणि शिपाईही. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. काकांची आठवण निघाली. मग मी म्हटलं, "माझे कान चांगले आहेत. फोन मशीनजवळ धरा."

"हो," तो म्हणाला. आणि पलीकडून आवाज आला, आधी दोनदा ठसका, मग जाडाभरडा, "घुंईऽऽ, घुंईऽऽ."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी त्याला मध्ये थांबवलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हटलं, "पंख्याचं बेअरिंग."