पूर्णविराम कुठे दिला

राठोडचा विषय निघाला की मी पंख्याचा स्पीड वाढवायला उठायचो. इतकी वर्षं जमलं. आता लिहूनच टाकतो.

वणीकडच्या एका कोळसा खाणीच्या ऑफिसात मी हेडक्लार्क होतो. रिपोर्ट इंग्रजीतच लागे. त्यामुळे सगळे तपासायला माझ्याकडे येत आणि मला ते आवडे.

आमचा नियम असा, की शिफ्ट संपल्याचा सायरन होईपर्यंत खाणीतलं पाणी उपसायचा पंप चालू ठेवायचा. मग बंद करायचा, पुढच्या माणसाने येऊन सुरू करायचा. एकदा पुढचा माणूस उशिरा आला. पाणी चढलं, मोटर बुडाली. पंप हेल्पर राठोडकडून रिपोर्ट मागवला. त्याचं ऑपरेटरचं प्रमोशन तोंडावर आलं होतं.

"बाबूजी, मले इंग्रजी येते, पण थांबता येत नाही. पाहून द्या ना."

त्याने लिहिलं होतं, 'आय स्टॉप्ड द पंप आफ्टर द सायरन आय वेंट फॉर टी.'

याला रन-ऑन म्हणतात. दोन पूर्ण वाक्यं, मध्ये काहीच नाही. कपलिंग न लावता उभ्या केलेल्या दोन वॅगन. इलाज सोपा, मध्ये पूर्णविराम द्यायचा. मी 'पंप'नंतर दिला आणि जेवणाचा डबा उघडला.

म्हणजे झालं असं: 'मी पंप बंद केला. सायरननंतर चहाला गेलो.' व्याकरण चोख. पण पूर्णविराम 'सायरन'नंतर हवा होता. पंप त्याने सायरन झाल्यावरच बंद केला होता. मी विचारलंच नाही. त्याने न वाचता सही केली.

मॅनेजरने दोघांनाही बोलावलं.

"सायरनच्या आधीच पंप बंद केलास?"

"नाही साहेब."

"मग हे काय लिहिलंय?"

राठोडने कागद पाहिला, मग मला. "बाबूजीनं तपासलं हाये. बराबरच असन."

"इंग्रजी एकदम क्लीन आहे," मॅनेजर माझ्याकडे बघत म्हणाले. मी मान डोलावली.

प्रमोशन गेलं. राठोड हेल्पर म्हणूनच रिटायर झाला. तेव्हापासून मी पूर्णविराम देण्याआधी लिहिणाऱ्याला विचारतो. उशिरा आलेली अक्कल.

परवा दारव्ह्याच्या बाजारात तो भेटला. सोबत सून होती.

"हे आमचे बाबूजी," तो तिला म्हणाला. "माहं इंग्रजी यायनंच सुधारलं."

तिने वाकून नमस्कार केला. 'राठोड, चूक तुझी नव्हती, पूर्णविराम माझा होता,' एवढंच म्हणायचं होतं. 'राठोड' म्हणालो.

"बोला ना बाबूजी."

"चहा घेऊ," मी म्हणालो.