बंदुकीवरची बॅटरी

आमच्याकडं टॉर्च कुणी म्हणत नाही. बॅटरी म्हणतात, आणि बॅटरी लावायची नसते, मारायची असते. "जरा बॅटरी मार की हिकडं," हे वाक्य मी लहानपणी जेवढं ऐकलं तेवढं स्वतःचं नावही ऐकलं नसेल. चंदगडच्या डोंगरात पावसाळ्यात दुपारी चारलाच दिवस संपतो. धुकं उतरलं की आधी फणस जायचा, मग धुण्याचा दगड, मग अंगणच जायचं. घरात बसून मी बघत राहायची. बाहेर जग आहे यावरचा विश्वास रोज थोडा थोडा उडायचा, आणि खरं सांगते, मला ते फार आवडायचं.

वडील पोलिसात हवालदार होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. गोव्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक चौकी होती आणि चौकीच्या मागं दोन खोल्यांचं आमचं क्वार्टर. आमच्या बौद्धवाड्यात सरकारी वर्दी घालणारे ते पहिले. सुट्टीला गावी गेलो की आजोबांच्या वयाची माणसं कट्ट्यावरून उठून त्यांना जयभीम घालायची. आप्पा संकोचून जायचे, पण पाठ मात्र ताठ व्हायची. वर्दीला इस्त्री आई करायची, घडी तेच घालायचे. ती घडी दुसऱ्या कुणी मोडलेली चालायची नाही.

चौकीची गस्त संध्याकाळी आणि पहाटे असायची. दोन माणसं, एक बंदूक, घाटातला चार मैलांचा रस्ता. एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात बॅटरी, वरून पाऊस, आणि गाडी थांबवायची तर हात वर करायला तिसरा हात आणायचा कुठून? शेवटी चौकीचे साहेब म्हणाले, बंदुकीवरच बॅटरी बसवून टाका, आणि कुठली बसवायची ते हवालदारांनी कोल्हापूरला जाऊन स्वतः बघून ठरवावं. चौकीतला सगळ्यात जुना माणूस म्हणून ते काम आप्पांवर आलं.

नव्या शतकाची पहिली दोन-चार वर्षं चालू होती तेव्हा. मी राजारामपुरीत एका क्लासला जायची, चार मुलींबरोबर खोली करून राहायची. एक दिवस पहिल्या एसटीनं आप्पा दारात हजर. हातात छत्री, आणि पिशवीत पेरूच्या फांदीचा एक गुळगुळीत तासलेला तुकडा. सरकारी बंदूक काही बाजारात मिरवायला नेता येत नाही, म्हणून त्यांनी नळीच्या जाडीचं लाकूड तासून आणलं होतं. त्यांच्या हाताचं काम नेमकं. "चल," म्हणाले, "तुझी नजर ताजी हाय. बॅटरी तू निवडायची."

मी लगेच अभिमानानं फुगले. क्लास बुडवला.

बॅटरीचा दुकानदार जाडजूड, मिश्कील गृहस्थ होता. आम्हाला बघून म्हणाला, "भर दुपारी बॅटरी बघायला आलाय व्हय पावणं? उजेडात उजेड काय दिसनार? चला खाली." त्याच्या दुकानाला तळघर होतं, खोक्यांनी भरलेलं, लांबच लांब. बॅटरी घ्यायला आलेल्या प्रत्येकाला तो तिथं नेत असे. टोकाच्या भिंतीवर एक जुनं कॅलेंडर टांगलेलं. तो वरचा दिवा घालवायचा आणि गिऱ्हाइकानं या टोकाला उभं राहून बॅटरी मारायची. जिच्या उजेडात कॅलेंडरवरची तारीख वाचता येईल ती घ्यायची. "माझं ऐकू नका, डोळ्याचं ऐका," असं त्याचं म्हणणं.

दिवा गेला आणि मला चंदगडला गेल्यासारखं वाटलं. तोच गारवा, तीच नाहीशी झालेली जमीन. मी एकेक बॅटरी मारत गेले. भिंतीवर एकेक चंद्र उगवायचा आणि मावळायचा. एक अगदी लहान, कडक. एक मोठा, पसरट, कडेला निळसर. त्या वर्षी पांढऱ्या उजेडाच्या नव्या बॅटऱ्या नुकत्याच आल्या होत्या. दुकानदार त्याच पुढं सरकवत होता. मला मात्र जुन्या बल्बची, साध्या पिवळ्या उजेडाची बॅटरी आवडली. त्या उजेडात खोकी सुद्धा झोपेतून जागी होत असल्यासारखी दिसत होती. मी कॅलेंडर वाचलं. तीन वर्षांपूर्वीचा मार्च महिना होता. का कुणास ठाऊक, तो मार्च तिथं अंधारात तसाच राहिलाय याचं मला भारी सुख वाटलं.

"आता हवालदारसाहेब," दुकानदार म्हणाला.

आप्पांनी बॅटरी घेतली, पाय रोवले, हात सरळ केला. पिवळा चंद्र उगवला, कॅलेंडरच्या हातभर डावीकडं, कोऱ्या भिंतीवर. आता सरकवतील, मी म्हटलं. त्यांनी सरकवला नाही. घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात वाचलं. आजची तारीख. आजचा वार. वर ऑगस्ट महिना.

दुकानदार खो खो हसला. "काय वो हवालदार, गरिबाची चेष्टा करताय व्हय!"

आप्पाही हसले. पण जरा उशिरा हसले.

तेवढ्या उशिरात मला गवताची गंज आठवली. मागच्या मे महिन्यात आप्पांनी गस्तीवर एका गंजीला "थांब! कोन हाय?" म्हणून दरडावलं होतं, तिनं उत्तर दिलं नाही म्हणून बंदूक खांद्याला लावली होती. सोबतच्या शिपायानं हे चौकीभर केलं. महिनाभर सगळे हसत होते. आप्पा म्हणायचे, "पोरास्नी सावध ठेवायला केलं वो." मीही पोट धरधरून हसले होते. शहाणी! आणि वर्दीच्या खिशात पेनाशेजारी डोळ्यांत घालायच्या औषधाची बारकी बाटली असायची. धुळीनं चुरचुरतं म्हणाले, आणि आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. पावसाळ्यात, चंदगडात, धूळ!

वर आल्यावर मी म्हटलं, "आप्पा, पिवळीच घ्या. धुक्यात पांढरा उजेड माघारी येतोय, आपल्याच डोळ्यात. पिवळा जरा आत घुसतोय." हे मी उगाच नव्हतं सांगितलं, घाटात गाड्यांच्या दिव्यांकडं बघून शिकले होते. आप्पा खूश झाले. "बघा," दुकानदाराला म्हणाले, "पोलिसाची पोरगी."

तिथून उद्यमनगरात गेलो. लेथवर एक ओळखीचे मिस्त्री होते, उघडेबंब, छातीवर लोखंडाचा कीस. त्यांनी पेरूचं लाकूड हातात घेतलं, मापलं, आणि घटकाभरात बॅटरी बसवायची पकड घडवली. आतून सायकलच्या ट्यूबचा रबर लावला. गोळी सुटली की हिसका बसतो, रबर नसेल तर बल्बची तार पहिल्या बारातच तुटते, असं त्यांनी समजावलं. मग लाकडावर बॅटरी चढवून ते माझ्यापासून लांब, भिंतीकडं रोखून बघत म्हणाले, "हवालदार, एक ध्यानात ठेवा. हातातल्या बॅटरीनं मानूस आधी बघतोय, मग ठरवतोय. हिनं बघायचं म्हंजे आधी नेम धरायचा, मग बघायचं."

 आप्पांनी लाकूड परत घेऊन पिशवीत घातलं. 

एसटी स्टँडवर चहा घेतला. मला गोड बोलता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं. "आप्पा, खिशातलं औषध कशाचं हाय?"

त्यांनी बशीतला चहा संपवला. "काचबिंदू. गेलेली नजर माघारी येत न्हाय म्हनला डाक्टर. हाय ती टिकली तर टिकली."

"कधीपास्नं?"

"दोन वर्सं. दिवसा चालतंय गं. अंधार पडला की कडंनं सगळं पुसत येतंय."

"आणि साहेबांना?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची. रिटायर व्हायला चौदा म्हयनं ऱ्हायल्यात. बंदूक काढून घेतली की टपाल वाटायला लावत्यात मला. वाड्यात काय तोंड दाखवू? हवालदार गेला आनि पोस्टमन आला?"

माझा तोल गेला. स्टँडवरची माणसं वळून बघायला लागली. "वाड्याचं राहू द्या. पहाटे काजूच्या बागेत जाणाऱ्या बायका त्या रस्त्यानं जातात. दूधवाले जातात. गंज होती म्हणून वाचली, आप्पा. माणूस असता तर?"

"आजवर माझ्या हातनं एक गोळी सुटलेली न्हाय," ते हळू म्हणाले. ते खरं होतं. मग म्हणाले, "तू बोलनार हाईस कुनाला?"

 मी त्यांच्याबरोबर चंदगडच्या गाडीत चढले. गडहिंग्लजनंतर धुकं लागलं, काचेबाहेर झाडं विरघळायला लागली, आणि आप्पा माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपले. आयुष्यात पहिल्यांदा. मी वाटभर साहेबांना सांगायची वाक्यं जुळवत होते आणि मोडत होते. सांगावं तर बापाची वर्दी मी उतरवली असं होणार, आणि न सांगावं तर एखाद्या बाईचा जीव माझ्या मानेवर. गाडी हलत होती, खिडकीतून गार ओल येत होती, आणि हा प्रवास कधी संपूच नये असं मला मनापासून वाटत होतं. मी भित्री आहे, हे मला त्या गाडीत कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेचारला आप्पांनी बंदूक अंगणात आणली. साहेबांना दाखवायच्या आधी घरी एकदा बघू म्हणाले. धुकं फणसापर्यंत आलं होतं. त्यांनी बोल्ट मागं ओढला, आत गोळीच्या जागी बोट घालून बघितलं, मलाही घालायला लावलं. रिकामी. मग बॅटरी चढवली, स्क्रू आवळले. हात सुंदर चालत होते. आतून आईच्या भाकरी थापण्याचा आवाज येत होता.

"दोरीवरचे कपडे काढून आणतो," मी म्हटलं. आमच्याकडं मुलीही असंच बोलतात. दोरीकडं निघाले आणि दोरीपाशी थांबले नाही. पुढं फणसाच्या अलीकडं, मोकळ्यात, पंधरा पावलांवर जाऊन त्यांच्याकडं तोंड करून उभी राहिले. हे मी आधी ठरवलं होतं का? मला अजून सांगता येत नाही. पाय गेले.

उजेड लागला. धुक्यात त्याचा पिवळा बोगदा झाला. तो गवतावरनं हळूहळू आला, धुण्याच्या दगडावर चढला, उतरला, माझ्या पायांवर आला, गुडघ्यांवर, आणि छातीवर येऊन थांबला. उजेडाच्या मागचं काही दिसत नव्हतं. आप्पा दिसत नव्हते, नळी दिसत नव्हती. मला ऊब लागल्याचा भास झाला. एवढंसं धुकं, त्यात आम्ही दोघं, आणि एकमेकांना न दिसणारे.

"मोकळं हाय!" आप्पा ओरडले. गस्तीवर ओरडायचे तसे, रुबाबात.

मी हलले नाही.

"बाळ, कुठं गेलीस? ये की, बघ तरी कसा लांब जातोय उजेड. झकास निवडलीस!"

"मी हितंच हाय, आप्पा."

"हितं म्हंजे कुठं?"

"उजेडात."

 छातीवरचा गोल एकदम जमिनीवर पडला. बोल्ट ओढल्याचा आवाज आला. परत आला. तिसऱ्यांदा आला. मी पळत गेले तेव्हा ते पायरीवर बसले होते, बंदूक मांडीवर आडवी, बोट रिकाम्या चेंबरमध्ये घालून परत परत चाचपत होते. रिकामी बंदूकही माणसावर धरायची नाही, हे त्यांनी कित्येक नव्या पोरांना कानशील तापवून शिकवलं होतं. मी रडत होते. त्यांचा हात धरायला गेले, तर त्यांनी तो आधी माझ्या छातीवर ठेवला, नुसता, तळवा पसरून.

 बॅटरी तशीच जळत होती, गवताचा एक तुकडा पिवळा करून.

"कागद आन," आप्पा म्हणाले.

मी वही आणली. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. विनंती अर्ज. बंदुकीच्या ड्युटीतून मला मोकळं करावं.

"कारण काय लिहू? दृष्टिदोष लिहू?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "लिही. लेक समोर हुती. दिसली न्हाय."

मी तसंच लिहिलं. मग सही कुठं करायची ते बोट ठेवून दाखवलं.