पाळण्याचे जुने रंग

लातूरच्या आमच्या गल्लीत एक लाकडी पाळणा होता. तो कुणा एका घराचा नव्हता. जिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येई तिच्या घरी तो जायचा, मग त्या लेकीबरोबर सासरी, आणि मूल चालायला लागलं की परत गल्लीत. प्रत्येक बारशाआधी त्याला ऑइल पेंटचा नवा हात बसे. जुना रंग कुणी खरवडून काढत नसे. वरवर पॉलिश पेपर मारला की झालं. त्यात झोपलेली सगळी मुलं जगली, म्हणून तो गुणाचा. नियम एकच होता: मूल आत आहे तोवर पाळणा परत मागायचा नाही. मागणारी बाई त्या लेकराच्या वाईटावर आहे असं समजत.

ताईच्या मुलासाठी आम्ही तो पिवळा केला. डब्यावर इंग्रजीत लिहिलं होतं की या रंगात शिसं घातलेलं नाही. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. आई म्हणाली, "बरं झालं." खाली काय आहे, हे कुणाच्या मनात आलं नाही.

नांदेडला, ताईच्या सासरी, दात येताना ताईचा मुलगा पाळण्याची कड चावत बसायचा. फोनवर बघून आई म्हणायची, "नातू हाय का उंदीर?" आम्ही सगळे हसायचो.

पुढे त्याचं खाणं सुटलं. पोट दुखायचं, रंग फिका पडला, आणि दीड वर्षाचा झाला तरी एक शब्द बोलेना. डॉक्टरांनी आधी सुरम्याचं विचारलं, मग भांड्यांचं, मग रंगाचं. रक्तात शिसं निघालं. ते म्हणाले, "आता रंगातल्या शिशाला कायद्यानं मर्यादा आहे. पण तुमच्या पाळण्याचे आतले थर कायद्याच्या आधीचे." ताईनं विचारलं, बोलत नाही ते त्यामुळंच का? "सांगता येत नाही," ते म्हणाले. "आता आणखी पोटात जाऊ देऊ नका."

पाळणा तेव्हा अहमदपूरला होता. शेजारच्या काकूंची लेक तो घेऊन सासरी गेली होती, आणि तिचं बाळ नुकतंच बसायला लागलं होतं. आईनं फोन बऱ्याचदा हातात घेतला आणि ठेवून दिला. शेवटी आम्ही दोघी एसटीनं गेलो.

चहा झाल्यावर आई म्हणाली, "अक्का, आमच्याकडं पाळणा लागतोय जरा."

त्या मुलीच्या सासूबाई माझ्याकडं बघून हसल्या. "कुणाला? थोरलीला दुसरं, का हिचंच उरकलं गुपचूप?"

"तसं न्हाई."

"मग लेकराखालचा पाळणा काढून नेता? ही कुठली रीत?"

मला बोलावं लागलं. घाबरले की माझं मराठी पुस्तकातल्यासारखं होतं. मी म्हणाले की जुन्या रंगात शिसं आहे, ते पोटातून रक्तात जातं, वरून काही दिसत नाही, बाळाचं रक्त तपासून घ्या.

"आमच्या लेकराला काय धाड भरलीय? लई शिकलं की समद्यात इष दिसतंय."

"माझा नातू आजारी हाय, अक्का," आई म्हणाली.

सासूबाईंचा आवाज उतरला. "मग आमच्याकडं कशाला धाडलात?"

"ठावं नव्हतं."

तेवढ्यात त्या मुलीनं बाळाला पाळण्यातून उचललं होतं. पाळण्याच्या कडेला जिथं बाळानं चावलं होतं तिथं नव्या निळ्याखाली आमचा पिवळा दिसत होता, पिवळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली लाल. तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं, मग ओठ उघडून आतूनही पुसलं, आणि पुसतच राहिली.

त्या बाळाच्या रक्तातही शिसं निघालं, आमच्याहून कमी. काकू आमच्याशी बोलायच्या थांबल्या. पाळणा जाळायचाही नाही आणि घासायचाही नाही, धूर आणि धूळ दोन्ही वाईट, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आम्ही तो प्लास्टिकमध्ये बांधून ठेवला.

मग आई ज्या ज्या घरी पाळणा जाऊन आला होता तिथं सांगायला निघाली. मी सोबत होते. कुणी ऐकून घेतलं, कुणी चहा विचारला नाही. कोपऱ्यावरच्या घरातला मुलगा दहावीला परत परत नापास झालेला. त्याची आई गल्लीतल्या गल्लीत दिलेली लेक, म्हणून तोही त्याच पाळण्यात झोपलेला. गल्लीत त्याला सगळे ढ म्हणायचे. त्याच्या वडिलांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"वहिनी, ह्येच्यामुळं व्हय?" त्यांनी विचारलं. "ध्यान देत न्हाई म्हणून लई मारलंय म्या त्याला."

आतल्या खोलीत तो टीव्ही बघत होता. त्यांनी उठून मधलं दार हळूच ओढून घेतलं.